भिशीतला शेवटचा नंबर

आम्ही पाच जण एखाद्या लग्नात एकत्र आलो की नवरानवरीकडे कुणी बघत नाही. पंगत बसेपर्यंत दोन किस्से झालेले असतात, मठ्ठा वाढेपर्यंत पाच. मागे एकदा तर वधूच्या मामाने येऊन हात जोडले, जरा हळू हसा, मंगलाष्टकं चाललीत. किस्से काही कुणी ठरवून साठवत नाही. माळ्यावरच्या सामानासारखे ते आपले आपण साठतात, आणि एक काढायला जावं तर चार डोक्यावर येतात.

आमची ओळख डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमधली. साल पंचाण्णव-शहाण्णवच्या आसपासचं. सुळे साहेब लॅब मॅनेजर. बापट सीनियर केमिस्ट, कुठल्याही गोष्टीचा ग्राफ काढल्याशिवाय ह्यांना अन्न गोड लागायचं नाही. चंदू सावंत दिवा स्टेशनजवळचा, वय तीस, उत्साह सोळाचा. मधू नाखवा कळव्याचा, खाडीकाठच्या कोळी घरातला, आमच्यात सगळ्यात कमी बोलणारा. आणि मी शैला काळे. दोन मुलं, सासू-सासरे, डोंबिवली पूर्वेला दोन खोल्या, आणि एका जागी दहा मिनिटं बसवत नाही असा स्वभाव. माझी आई म्हणायची, हिला पाळण्यातही कुणी थांबवू शकलं नाही.

हे सगळे किस्से एकाच गोष्टीवरून झालेत. आम्हाला प्रत्येकी एक कॉम्प्युटर हवा होता. तोही अभ्यासासाठी किंवा ऑफिसच्या कामासाठी नाही. गेम खेळायला!

* * *

खूळ लावलं कंपनीनेच. टेस्ट सर्टिफिकेट छापायला म्हणून लॅबला एक कॉम्प्युटर मिळाला आणि आठवड्याभरात कुणीतरी फ्लॉपीतून त्यात मोटारींच्या शर्यतीचा गेम आणून टाकला. जेवणाची सुट्टी अर्धा तास. डबा दहा मिनिटांत, उरलेली वीस मिनिटं शर्यत. सगळ्यात जास्त गुण माझे. खोटं कशाला बोलू? घरी कणीक मळतानासुद्धा माझी बोटं वळणं घ्यायची. सासूबाईंनी एकदा विचारलं, पोळी अशी तिरकी का लाटतेस?

सुळे साहेबांना पत्ता लागला. त्यांनी टाइप केलेली नोटीस लावली की कंपनीच्या साधनांचा करमणुकीसाठी वापर करणाऱ्यावर कारवाई होईल. खाली सही, शिक्का. आम्ही मुकाट्याने डबे खाऊन एकमेकांची तोंडं बघत बसायला लागलो.

अकरा दिवस असे गेले. बाराव्या दिवशी साहेब मीटिंगला गेलेले बघून मी हळूच गेम उघडला. तो गेम जिंकणाऱ्याचं नाव विचारायचा आणि यादी दाखवायचा. माझं नाव दुसऱ्या नंबरवर गेलेलं. पहिल्या नंबरवर साहेबांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि पुढे स्वल्पविराम देऊन मॅनेजर.

साहेब परत आले तेव्हा आम्ही चौघं स्क्रीनसमोर उभे. त्यांनी यादी वाचली, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, "नाव विचारलं होतं. मी कुठलाही फॉर्म अर्धवट भरत नाही."

संध्याकाळी नोटीस निघाली.

* * *

पुढचा किस्सा हसण्याचा नाही, पण तो सांगितल्याशिवाय बाकीचे कळायचे नाहीत.

मधूचे वडील, आम्ही त्यांना नाखवाकाका म्हणायचो, जन्मभर खाडीत मासेमारी केलेला माणूस. त्या वर्षी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. पाय सावरले, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र लुळा पडला. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला, दिवसभर दाबत बसा म्हणून. काकांनी तो शेजारच्या पोरांना देऊन टाकला. मी काय कुकुलं बाळ आहे का, म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

एका शनिवारी मधू त्यांना डोंबिवलीतल्या डॉक्टरांना दाखवून साहेबांच्या परवानगीने लॅबमध्ये घेऊन आला. काका स्टुलावर बसले. हात मांडीवर, दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा. मला असं नुसतं बसलेलं माणूस बघवत नाही. मी त्यांना कॉम्प्युटरसमोर ओढलं, उजवा हात उचलून बाणाच्या बटणांवर ठेवला आणि शर्यत सुरू केली.

गाडी झाडावर आदळली. पुन्हा सुरू केली, पुन्हा आदळली. काकांनी कोळी बोलीत एक शब्द उच्चारला तो मी इथे लिहीत नाही. तिसऱ्यांदा गाडी वळणावर आली आणि काकांचं बोट हललं. जरासंच. पण गाडी वळली.

मधू उठून सिंककडे गेला, नळ सोडला आणि आमच्याकडे पाठ करून पिपेट धूत राहिला. ती पिपेट मी सकाळीच धुतलेली.

डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, उत्तम, रोज खेळवा. वर्षभरात जे सुटेल ते सुटेल, नंतर हात आखडून जातो. झटक्याला तेव्हा तीन महिने झाले होते. आणि पंधराच दिवसांत हेड ऑफिसने आमचा कॉम्प्युटर काढून नेला, तिकडे जास्त गरज आहे म्हणून.

* * *

भिशीची कल्पना माझी. आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांची भिशी मी सहा वर्षं चालवत होते. त्यात मिक्सर आले, पितळेचे डबे आले, एकीने तर नाकातली हिऱ्याची चमकी केली. मग पाच जणांत कॉम्प्युटर का नाही येणार? दर महिन्याला सगळ्यांनी पैसे घालायचे आणि दर तीन महिन्यांनी एकाच्या घरी कॉम्प्युटर. नंबर चिठ्ठ्या टाकून.

धुतलेल्या बीकरमध्ये चिठ्ठ्या टाकल्या. मधूने काढली. पहिला नंबर! मला इतका आनंद झाला की मी बीकर जवळजवळ पाडलाच.

तेवढ्यात बापटांनी खिशातून ग्राफ पेपर काढला.

"अरेरे," ते म्हणाले, "बिचारा मधू."

त्यांनी समजावून सांगितलं. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं इंजिन. तो जितका वेगवान तितका गेम झकास. आणि प्रोसेसरचा भाव दर महिन्याला उतरतो, वेग दर महिन्याला चढतो. एक निळी रेघ खाली जात होती, एक लाल रेघ वर. म्हणजे साध्या भिशीत पहिला नंबर लागणारा नशीबवान, पण ह्या भिशीत पहिला नंबर म्हणजे खड्डा. तेवढ्याच पैशात पहिल्याला बैलगाडी, शेवटच्याला विमान.

आम्ही सगळे हळहळलो. नाखवाकाकांना बैलगाडी? ज्याला खरी गरज त्यालाच सगळ्यात हलका माल? शेवटचा नंबर बापटांचा निघाला होता. ते उठले आणि त्यांनी आपली चिठ्ठी दोन्ही हातांनी मधूपुढे धरली. "घे. तुझ्या वडिलांसाठी." चंदूने टाळ्या वाजवल्या. साहेबांनी चष्मा पुसला. आणि भाषण मी केलं. मधू जरा घुटमळत होता, तर मीच त्याला पाच मिनिटं सुनावलं की बाबा रे, आम्ही तुझ्या भल्याचं सांगतोय, वडिलांच्या बाबतीत हलक्यावर भागवू नये.

मधू म्हणाला, तुम्ही सगळे म्हणताय तर तसं करू. त्याने पहिल्या नंबरची चिठ्ठी बापटांना दिली आणि शेवटची खिशात ठेवली.

आता बघा. तीन महिन्यांनी एक नंबर, पाच जण, म्हणजे शेवटचा नंबर पंधराव्या महिन्यात. आणि डॉक्टरांच्या वर्षातले उरलेले महिने नऊ. खोलीत दोन एमएस्सी, तीन बीएस्सी. दिवसभर आम्ही दशांश चिन्हापुढे चार आकड्यांपर्यंत मोजायचो. हे मात्र एकानेही बोटावर मोजलं नाही.

* * *

पहिला नंबर आता बापटांचा. ठाण्याला नौपाड्यात एका जिन्याखाली जिग्नेशभाईंचं दुकान होतं, तिथे आम्ही सगळे जायचो. दारात काळा फळा, त्यावर खडूने आजचे भाव. जुना फोर एटी सिक्स इतके, नवा वेगवान पेंटियम इतके. जिग्नेशभाई संध्याकाळी पाचला ओल्या फडक्याने फळा पुसायचे.

बापट पैसे घेऊन गेले आणि नुसते फळ्यावरचे भाव उतरवून घेऊन आले. पुढच्या शनिवारी तसेच. तिसऱ्या शनिवारीही. दर खेपेला ग्राफवर एक टिंब वाढायचं आणि बापट म्हणायचे, अजून पंधरा दिवस थांबलं तर त्याच पैशात वरचा येतो. पंधरा दिवसांनी वरचा यायचा, पण तोवर त्याच्या वरचा निघालेला असायचा! शेवटी जिग्नेशभाईंनी त्यांना एक खुर्चीच देऊन टाकली. येणाऱ्या गिऱ्हाइकांना वाटायचं की हे दुकानातलेच, आणि बापटही त्यांना बजावायचे, आज घेऊ नका. जिग्नेशभाईंनी खुर्ची परत काढून घेतली.

त्यांच्या घरी आम्ही एकदा आमरस खायला गेलो होतो. जून संपत आलेला, बाहेर धो धो पाऊस. वहिनी वाढता वाढता म्हणाल्या, आमच्याकडे आंबा असाच येतो, भाव पूर्ण उतरल्यावर, अळ्यांच्या आदल्या दिवशी. आम्ही हसलो. बापट गंभीरपणे म्हणाले, पण किलोमागे किती फरक पडला ते विचारा.

वहिनींनी रसाची वाटी ठेवली. "माझं नशीब, मला बघायला आले तेव्हा ह्यांच्याकडे ग्राफ पेपर नव्हता."

* * *

बापट घेईनात म्हणून तो नंबर चंदूने घेतला. चंदूला थांबणं हा शब्दच माहीत नाही. दुकानात शिरला आणि म्हणाला, सगळ्यात वेगवान काय आहे? जिग्नेशभाईंनी पेंटियम दाखवला. चंदू म्हणाला, द्या. जिग्नेशभाईंनी समजावलं, भाऊ, सगळे पैसे इंजिनात घातले तर बाकीच्याचं काय? चंदू म्हणाला, बाकीचं नंतर बघू.

बाकीचं म्हणजे मॉनिटर.

मॉनिटरला पैसे उरले नाहीत! चंदू डबा, कीबोर्ड आणि दोन स्पीकर घेऊन दिव्याला गेला. पुढचे दोन महिने रोज सकाळी लॅबमध्ये आला की आम्ही विचारायचो, काय रे, खेळलास? तर हा म्हणायचा, खेळलो की, मस्त पळते. आम्हाला वाटलं पडदा कुणाचा तरी उसना आणला असेल.

एका रविवारी आम्ही त्याच्याकडे गेलो. त्याच्या बिल्डिंगमध्ये त्या दिवशी तीन दिवसांनी पाणी आलेलं, जिन्यात बादल्यांची रांग. चंदू खोलीत भिंतीसमोर बसलेला. समोर नुसती भिंत, कॅलेंडर. कीबोर्ड मांडीवर. स्पीकरमधून गाडीचा आवाज, ब्रेक, धडाम, परत गाडीचा आवाज. शेजारचे दोघं तिघं बादल्या खाली ठेवून दारात उभे राहून ऐकत होते.

मी विचारलं, अरे, दिसत तर काहीच नाही, कळतं कसं तुला?

चंदूने मला गप्प राहायची खूण केली. "ताई, आवाज ऐका ना. पेंटियम आहे."

परतताना मधू आमच्याबरोबर होता. सगळे हसत होतो, तोही हसत होता. मग त्याने बापटांना हळूच विचारलं की आता दुसरा नंबर कधी लागेल. बापट म्हणाले, घाई करू नकोस, तुझाच फायदा होतोय. मला हे आता आठवतं तेव्हा स्वतःचाच राग येतो, कारण मीही मान डोलावली होती.

* * *

पुढचा नंबर सुळे साहेबांचा. साहेबांनी कंपनीच्या परचेसच्या पद्धतीने खरेदी केली. तीन बंद पाकिटांतून तीन दुकानांची कोटेशन्स मागवली. चौकटींचा तक्ता आखला, एका बाजूला किंमत, एका बाजूला वेग. गेम किती चांगला चालेल ह्याला दहापैकी गुण द्यायचा रकाना होता, त्यात साहेबांनी लिहिलं, लागू नाही.

सगळ्यात कमी भावाचं कोटेशन पास झालं. माल आला तो जिग्नेशभाईंच्या दुकानातून. साहेब चक्रावले, कारण पाकीट तर कल्याणच्या कुठल्याशा दुकानाचं होतं. मग त्यांनी बाकीची दोन पाकिटं नीट बघितली. तिन्हींवर एकाच बॉलपेनचं अक्षर. कल्याणचं दुकान जिग्नेशभाईंच्या मेहुण्याचं, तिसरं साडूचं!

साहेब तणतणत नौपाड्याला गेले. जिग्नेशभाईंनी चहा मागवला आणि म्हणाले, "साहेब, तुम्हीच बोलले, तीन ठिकाणचे भाव पाहिजे. तुम्हाला वणवण करायला कशाला लावू?"

साहेबांनी कॉम्प्युटर ठेवून घेतला. त्यावर मिसेस सुळ्यांनी विणलेलं आच्छादन चढलं ते उतरलंच नाही. शर्यत खेळायला ते चंदूकडे दिव्याला जायला लागले. तिथे आता पडदा आला होता.

* * *

मग माझा नंबर आला.

बापट अजून टिंबं काढत होते, त्यांनी नंबर पुन्हा पुढे सरकवला. पैसे माझ्या कपाटात, साड्यांखाली. मुलं मागे लागलेली, आई कधी, आई कधी. नवरा म्हणायचा, तुला घ्यायचाय ना? मग जा. मी दोनदा नौपाड्याला गेले आणि दोनदा रिकाम्या हाताने आले. मी! जिला रिक्षा सिग्नलला थांबली की उतरून चालायला लागावंसं वाटतं, ती मी फळ्यासमोर उभी राहून विचार करायची, फोर एटी सिक्स घ्यावा की आणखी महिनाभर थांबून पेंटियम? सगळ्यांनी चंदूचा ऐकलेला. त्याच्याखालचा घेतला तर माझे गुण खाली जाणार, मग पहिला नंबर कायमचा सुळे साहेबांचा. हसू नका. रात्रंदिवस मला दुसरं काही सुचत नव्हतं. आमटीत मीठ दोनदा पडायला लागलं.

दीड महिना असा गेला. एका दुपारी मी आणि मधू टायट्रेशन करत होतो. मी नेहमीसारखी बडबडत होते, हा प्रोसेसर, तो प्रोसेसर, ह्याची किंमत, त्याचा वेग. मधूने ब्युरेटची तोटी बंद केली.

"ताई, बापसाला कुठलाही चालेल. गाडी हलली पाहिजे, एवढंच."

मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, काही नाही, वर्ष होऊन गेलं. झटक्याला. गेल्या महिन्यातच झालं. डॉक्टरांकडे आता नेतही नाही, बापूस यायला तयार नाही.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. पंधरा महिने आणि नऊ महिने. ते मी तिथे उभ्या उभ्या बोटांवर मोजलं, जे त्या दिवशी बीकर हातात असताना मोजायला हवं होतं. पहिला नंबर त्याचा होता. तो मी बोलून बोलून त्याच्या खिशातून काढला होता, आणि वर त्याला समजावलं होतं की ही दया आहे.

मी मधूवरच डाफरले. बोलला का नाहीस? इतके महिने तोंडात काय धरून बसलेलास? मधू म्हणाला, तुम्ही सगळ्यांनी इतक्या प्रेमाने दिलेला नंबर, परत कसा मागायचा?

मी त्याला ब्युरेटपाशी तसंच सोडून बापटांच्या टेबलाशी गेले, भिंतीवरचा ग्राफ ओढून काढला आणि त्याचे चार तुकडे केले. दोन वर्षांची सीनियॉरिटी होती त्यांची माझ्यावर. मी सांगितलं काय झालं ते. बापट खुर्चीत बसले. मग म्हणाले, काळे, माझं चुकलं. चंदू म्हणाला, सगळ्यांचंच. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि आम्हा पाचही जणांना हाफ डे दिला, स्वतःसकट.

* * *

मी घरी जाऊन साड्यांखालचे पैसे काढले आणि तिथून थेट नौपाडा. पाच जण जिन्याखालच्या त्या दुकानात मावत नव्हतो, साहेब फुटपाथवर. जिग्नेशभाईंनी फळ्याकडे हात केला आणि सवयीने म्हणाले, बेन, सोमवारपर्यंत थांबा, भाव तुटणार आहे.

मी तोंड उघडायच्या आत बापट बोलले. "आज द्या. जो असेल तो."

जिग्नेशभाई बापटांकडे बघतच राहिले. मग त्यांनी फोर एटी सिक्स बांधायला घेतला. त्यात गेम घालून दिला, मॉनिटर चंदूने स्वतः तपासला, दोनदा. आम्ही टेम्पो केला. पुलावरून कळव्याला जाताना मॉनिटर माझ्या मांडीवर आणि मला सारखं वाटत होतं की हा टेम्पोवाला मुद्दाम हळू चालवतोय. मधू पुढे बसलेला, वाट दाखवायला. खरं तर वाट सरळच होती.

वर्ष होऊन गेलं. डॉक्टर म्हणाले होते, नंतर हात आखडून जातो. आता हा डबा त्या माणसासमोर ठेवायचा आणि काय सांगायचं? की काका, माफ करा, आम्ही तुमच्यासाठी भाव उतरायची वाट बघत होतो?

घर खाडीच्या अगदी काठावर. दारात जाळी वाळत घातलेली. मधूच्या आईने आम्हाला बघून पदर सावरला आणि आत बोट दाखवलं. आम्ही खोके घेऊन आत शिरलो. साहेबांच्या हातात कीबोर्ड, बापटांकडे वायरी, मी आणि चंदू मॉनिटरच्या दोन टोकांना.

काका आमच्याकडे पाठ करून पाटावर बसलेले. समोर उघडी खिडकी, खिडकीत खाडी. मांडीवर काहीतरी काळं. मला आधी वाटलं मुसळाचा तुकडा आहे की काय. जवळ गेल्यावर दिसलं, जॉयस्टिक होती, गेम खेळायचा दांडा, जिग्नेशभाईंच्या दुकानात मिळायचा तसला स्वस्तातला. तिची वायर पाटाखालून जाऊन खिडकीच्या गजाला बांधलेली. दुसरं कुठेच काही जोडलेलं नाही.

मी मधूकडे बघितलं. तो ओशाळला. म्हणाला, सात-आठ महिने झाले, कॉम्प्युटर काही येईना, तेव्हा नुसती ही आणून दिली. म्हटलं, तोवर हातात राहू दे.

पाण्यात एक रेती भरलेली होडी येत होती. जड, काठ पाण्याला टेकलेले. ओहोटीचं पाणी तिला पुलाच्या खांबांकडे ओढत होतं आणि वरचा माणूस बांबू लावून तिला सांभाळत होता. काकांनी उजव्या हाताने दांडा धरला होता. चार बोटं आणि अंगठा, मूठ पक्की. होडी खांबाकडे ढळली तशी त्यांनी दांडा सावकाश डावीकडे घेतला, मनगट वळलं, कोपर वळलं. होडी वळली. परत थोडी ढळली. काकांनी दांडा पुढे रेटला, मग बोटं सैल सोडली आणि अंगठ्याने वरचं बटण दाबलं, एकदा, दोनदा.

चंदूच्या हातातलं मॉनिटरचं टोक खाली आलं. मी ते सावरलं. बापट पुढे झाले, घसा खाकरला आणि म्हणाले, काका, तुमचा कॉम्प्युटर आणलाय.

काकांनी मान वळवली नाही.

"थांबा रं पोरांनो," ते म्हणाले. "एवरी होरी लावताव, मंग येताव."